शेवाळाच्या एका पेशीचा हिशेब

महालालगतचा शुक्रवारी तलाव, म्हणजे आपला गांधीसागर, हिरवा पडलेला तुम्ही पाहिला असेल. तो रंग बहुतेक सूक्ष्म शेवाळाचा. त्याची एकेक पेशी उन्हात स्वतःचे अन्न करते आणि प्राणवायू सोडते. पण एवढ्याशा जिवाचे काम मोजायचे कसे?

१८८२ मध्ये हॉलंडमधल्या उत्रेख्तच्या थिओडोर एंगेलमान यांनी युक्ती काढली. सूक्ष्मदर्शकाखाली शेवाळाच्या धाग्यावर त्यांनी लोलकातून सप्तरंगी उजेड पाडला आणि पाण्यात प्राणवायूकडे धावणारे जिवाणू सोडले. ते तांबड्या आणि निळ्या उजेडापाशी जमले, हिरव्यापाशी फार थोडे. प्राणवायू कुठे तयार होतो, ते जिवाणूंनीच दाखवले.

पुढे १९३१ मध्ये जर्मनीत हान्स काउट्स्की यांना दिसले, की अंधारातले पान उजेडात आणले की मंद तांबडे चमकते आणि मग चमक उतरते. पेशीने न वापरलेल्या उजेडाचा थोडा भाग असा परत येतो. आता सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून एकेका पेशीची ही चमक मोजतात. अ‍ॅट्राझिनसारखे तणनाशक पाण्यात उतरले, तर पेशीचे काम अडते आणि चमक वाढते. पाणी मात्र वरून हिरवेच दिसते.

बचतगटाच्या एकूण रकमेवरून कोणाचा हप्ता अडला ते कळत नाही. त्यासाठी प्रत्येकीचे पासबुक उघडावे लागते. तलावाचेही तसेच आहे.