वाड्यातला हंडा किती खोल?

आमच्याकडे प्रत्येक पडक्या वाड्यात मोहरांचा एक हंडा असतो आणि त्यावर एक नाग. सातारा-सांगलीकडे ज्याचं बालपण गेलं त्याला हे वेगळं सांगायला नको. पूर्वी हा हंडा शोधायला पायाळू माणूस लागायचा, त्याच्या डोळ्यांत अंजन घालायचे. आता भावकीतले फोन करतात : "मेटल डिटेक्टर भाड्याने मिळतो म्हणे, किती खोलचं सोनं दाखवतो रे?" दोन-तीनदा सांगून झालं, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकावं.

तर मंडळी, सुट्या मोहरेसाठी उत्तर आहे वीतभर, फार तर हातभर. अख्खा हंडा असेल तर मोठ्या चौकटीचं यंत्र मीटर-दीड मीटरपर्यंत खूण देतं. वीस फुटांखालची मोहर दाखवतो म्हणणारा माणूस यंत्र विकत नसतो, दुसरंच काहीतरी विकत असतो.

यंत्रातलं तारेचं वेटोळं जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडतं, त्याने धातूत प्रवाह उठतात आणि त्यांचा क्षीण पडसाद यंत्राला ऐकू येतो. क्षेत्र जाताना अंतराच्या घनाने मंदावतं आणि येतानाही तसंच. म्हणजे नाणं दुप्पट खोल गेलं की खूण चौसष्टपट बारीक! शिवाय खाली सोनं आहे की पितळी बिजागरी, हे ते छातीठोक सांगत नाही. त्यात आपली माती. काळ्या कातळात मॅग्नेटाइट, कास-पाचगणीच्या पठारांवर लोहाने भरलेला जांभा. यंत्र मातीवरच ओरडत बसतं.

टेलिफोनवाल्या बेलने १८८१ साली असंच यंत्र अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या अंगातली गोळी शोधायला लावलं होतं. गोळी सापडली नाही. (गादीतल्या स्प्रिंगांनी घोटाळा केला म्हणतात.) आणि २००९ मध्ये इंग्लंडात स्टॅफर्डशायरच्या शेतात डिटेक्टरने जवळपास चार किलो सोनं सापडलं, ते नांगराने उलथलेल्या वरच्या मातीत होतं. यंत्राचा मोठा विजयसुद्धा वरवरचाच, शब्दशः.

आता आपल्याकडे सोनं पुरलंच नसेल का? पुरलं असेल की. १६९९ च्या डिसेंबरात औरंगजेब अजिंक्यताऱ्याखाली येऊन बसला, १७०० च्या एप्रिलमध्ये किल्ला पडला. अशा दिवसांत माणूस घरातलं धन नेणार कुठे? पण रयतेच्या गाठीला असायच्या तांब्याच्या शिवराया. सोन्याचे होन मोजक्यांकडे. आणि जो पुरून वाचला, तो आधी स्वतःचं उकरून घेणार ना!

समजा, तरीही सापडलं. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन मिळालं की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. दडवलं तर तुरुंग. संरक्षित किल्ल्यावर परवानगीशिवाय खणणं हा तर वेगळाच गुन्हा.

पण मला हे लिहायला लावलं ते म्हैसाळने. जून २०२२, मिरज तालुका, एकाच कुटुंबातले नऊ जण मृत. आधी वाटलं कर्जापायी सामूहिक आत्महत्या. मग पोलिसांनी दोघांना अटक केली : गुप्तधन काढून देतो म्हणून पैसे घेतले आणि परत मागू लागल्यावर विष दिलं, असा आरोप. ही शिकलेल्या माणसांची घरं होती. गुप्तधनाच्या नावाने केलेली अघोरी कृत्यं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा ठरली आहेत. त्यासाठी वर्षानुवर्षं झगडणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचेच, आणि त्याच वर्षी २० ऑगस्टला त्यांचा खून झाला. कायदा आहे, तरी म्हैसाळ घडलंच.

दादा, तात्या, आपल्या भागात सोनं आलं ते वेगळ्याच वाटेने. विटा, खानापूर, आटपाडी, खटाव, माण, सगळा दुष्काळी पट्टा. तिथली पोरं देशभर गेली आणि गलाईच्या भट्ट्यांपाशी बसली. सोनारांचं जुनं, भेसळीचं सोनं वितळवून शुद्ध करून द्यायचं, झारेकऱ्यांसारखा दुकानातला केरही वाया जाऊ द्यायचा नाही. तो जाळायचा, धुवायचा, मुशीत टाकून आटवायचा, चांदी तेजाबात विरघळवायची. तळाशी उरतो तो तपकिरी चुरा. पुन्हा आटवला की पिवळा होतो.