आखाजीला जी जगलेली दिसतील, तीच आपली झाडं

आम्ही धरणगावच्या बचत गटाच्या बाया. आज आपण जंगलाच्या इतिहासाविषयी बोलू. हा इतिहास आपल्या डोक्यावरच्या हंड्याचा आणि मोळीचाही आहे.

१८६० नंतरच्या वर्षांत इंग्रजांनी खानदेशातून रेल्वे नेली. रुळाखाली घालायला लाकूड लागलं, इंजिनात जाळायलाही लाकूडच लागलं. मग १८७८ साली जंगलाचा कायदा आला आणि बरंच रान सरकारच्या ताब्यात गेलं. जंगलाशेजारी राहणाऱ्यांचा हक्क गेला, आणि हक्काबरोबर राखणही गेली. जे आपलं नाही ते कोण सांभाळणार?

समुद्रापलीकडे, आफ्रिकेतल्या केनिया देशातही इंग्रजांचंच राज्य होतं. तिथे जंगलं तोडून चहा-कॉफीचे मळे लावले गेले. झरे आटले, सरपण दूर गेलं. ते आणायला बायाच गेल्या, जशा आपल्याकडे गेल्या.

त्याच देशात १९४० साली वांगारी मथाई जन्मल्या. शेतकऱ्याच्या घरातली ही मुलगी शिकून विद्यापीठात प्राध्यापक झाली. खेड्यातल्या बायांनी त्यांना आपली अडचण सांगितली : सरपण नाही, चांगलं पाणी नाही, पोटभर सकस अन्न नाही. वांगारीताई म्हणाल्या, मग आपण झाडं लावू. ५ जून १९७७ ला नैरोबी शहरात त्यांनी सात रोपं लावली. त्यातली बहुतेक जगली नाहीत. पण काम थांबलं नाही. गावोगाव बायांचे गट झाले. बायांनी आपल्याच भागातलं बी गोळा केलं, फुटक्या मडक्यांत रोपं वाढवली. गटाला थोडे पैसे मिळत, पण ते लावलेल्या रोपाचे नव्हे, जगलेल्या झाडाचे. २००४ साली वांगारीताईंना नोबेल शांतता पुरस्कार मिळाला, तोवर तीन कोटींच्या आसपास झाडं लागली होती.

आता आपल्या शेजारी या. धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात बारीपाडा नावाचा आदिवासी पाडा आहे. तिथलाही डोंगर उघडा पडला होता. पाण्यासाठी बायांची पायपीट होती. १९९० नंतरच्या वर्षांत चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावाने एकत्र बसून नियम केले : कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, मोडेल त्याला दंड, आणि पाळीपाळीने राखण. सुमारे ११०० एकर जंगल गावाने राखलं. दगडांचे बांध घातले.

राखल्याने काय होतं? सागाच्या तोडलेल्या बुंध्याला पुन्हा धुमारे फुटतात. पानं पडून जमीन झाकली जाते, पावसाचं पाणी धावत न जाता मुरतं आणि विहिरीला येतं. बारीपाड्याला पाणी आलं. २००४ पासून तिथे वनभाज्यांची स्पर्धा भरते. रानातली कोणती भाजी केव्हा खुडायची, कशी शिजवायची, ते बाया सांगतात. जंगल गेलं असतं तर हे ज्ञानही गेलं असतं. २०२५ साली चैत्रामभाऊंना पद्मश्री जाहीर झाली.

केनिया कुठे आणि बारीपाडा कुठे! पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे. ज्यांच्या डोक्यावर हंडा आणि मोळी असते, त्यांच्याच हाती राखण आली, तेव्हा जंगल परतलं. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलातल्या गावांच्या ग्रामसभांना ही राखण करायचा हक्कही दिला आहे.

आमच्या तालुक्यात जंगल थोडं, कापूस जास्त. पण बांध आहेत, गावठाण आहे, शाळेचं आवार आहे. जून-जुलैत रोपं येतात, खड्डे होतात, फोटो निघतात. मार्च-एप्रिलच्या उन्हात त्यांना पाणी कोण घालतं, हे मात्र कुणी लिहून ठेवत नाही.

म्हणून आम्ही एक सुचवतो. बचतीच्या वहीत एक पान झाडांचं ठेवा. कोणत्या रोपाची राखण कुणाकडे, ते मासिक बैठकीत लिहा. लिंब, चिंच, बोर अशी आपल्या मातीतली झाडं घ्या. आणि मोजणी पावसाळ्यात नको, आखाजीला करा. ऐन उन्हाळ्यात लेकी माहेराला येतात, झोके बांधतात, तेव्हा जी झाडं हिरवी दिसतील, तेवढीच आपण लावली असं धरा.

आकडा लहान निघाला तरी तोच खरा. तो वहीत लिहा आणि पुढच्या आखाजीला वाढवा.