बेथलेहेमची कुरवंजी

तमिळनाडूत रिक्षाच्या पाठीवर, भिंतींवर, दुकानांच्या पाट्यांवर ‘येशू रक्षण करतो’ अशी वाक्यं जागोजाग दिसतात. वाक्य खोटं नाही. पण ज्याने ते रंगवून घेतलं, त्याने त्यात स्वतःचं काय ओतलं, याचा त्यात काही माग लागत नाही. याच श्रद्धेला तंजावरात दोनशे वर्षांपूर्वी एका कवीने दिलेलं रूप पाहिलं, की हा अभाव फार जाणवतो.

कुरवंजी हे तमिळ नृत्यनाट्य. देवाची किंवा राजाची मिरवणूक निघते, नायिका त्याला पाहते आणि झुरू लागते. मग कुरत्ती, म्हणजे डोंगरातल्या कुरवर जमातीची भविष्य सांगणारी बाई, येते, नायिकेचा हात पाहते आणि मीलन होणार असं भाकीत करते. शेवटी कुरत्तीचा नवरा सिंगन, पाखरं धरणारा, तिला शोधत येतो. या प्रकारातली सर्वांत गाजलेली कृती अठराव्या शतकातली, तिरुनेलवेलीच्या बाजूच्या कुट्रालमच्या देवावरची.

त्याच तिरुनेलवेलीत १७७४ साली हे कवी, वेदनायगम शास्त्री, जन्मले. बारा वर्षांच्या आसपासचे असताना जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांनी त्यांना तंजावरला आणलं. पुढे गादीवर बसलेले सरफोजी राजे भोसले हेही श्वार्ट्झ यांच्याच देखरेखीखाली वाढले. एक गुरू, दोन शिष्य: एक ख्रिस्ती कवी, दुसरा मराठा राजा.

१८०० साली वेदनायगम शास्त्रींनी ‘बेथलेहेम कुरवंजी’ रचली. इथे नायक येशू, आणि त्याच्यासाठी झुरणारी नायिका म्हणजे बायबलमधली सियोनची कन्या. भविष्य सांगणारी कुरत्ती ही साक्षात श्रद्धा. सिंगन झाला धर्मोपदेशक, त्याची पाखरं म्हणजे माणसांचे आत्मे. जुन्या साच्याचा एकही सांधा त्यांनी निखळू दिला नाही. कुरत्तीने आपण फिरलेल्या मुलखांची वर्णनं करायची ही रीत होतीच. शास्त्रींनी त्या जागी पृथ्वीचा भूगोल आणि सूर्याभोवती फिरणारे ग्रह आणले. शाळेत जे शिकले, तेही भक्तीत मिसळलं. मला यातच त्यांचा खरेपणा दिसतो. आपल्याजवळचं काहीच त्यांनी देवापासून वेगळं ठेवलं नाही.

सरफोजी राजांनीही ‘देवेंद्र कुरवंजी’ लिहिली, तीही मराठीत, आणि तिच्यातली कुरत्तीसुद्धा जगाचा भूगोल सांगते. याच राजांनी श्वार्ट्झ यांच्या स्मृतीसाठी फ्लॅक्समन या इंग्लिश शिल्पकाराकडून संगमरवरी शिल्प घडवून घेतलं.

असं सांगतात, की राजांनी शास्त्रींना तंजावरच्या बृहदीश्वरावरही अशीच रचना करायला सांगितली, आणि शास्त्रींनी नम्रपणे नकार दिला. राजांनी राग धरला नाही. खरी परीक्षा पुढे झाली, तीही स्वकीयांकडून. १८२०च्या दशकातल्या नव्या मिशनऱ्यांना चर्चमधलं तमिळ संगीत आणि इतर देशी रीती खुपू लागल्या. शास्त्री त्यांच्याशी लेखणीने भांडले. त्या भांडणात चर्चमधली जातवार वेगळी बैठक राखण्याची बाजूही त्यांनी घेतली, आणि तिथे ते चुकले, असं मी स्पष्ट म्हणेन. मिशनरी त्या बाबतीत बरोबर होते. पण आपल्या रागांत, आपल्या तालात देवाला हाक मारायचा हक्क सोडायला शास्त्रींनी नकार दिला, तो योग्यच होता. मिशनची नोकरी गेली. आधार दिला तो ख्रिस्ती नसलेल्या सरफोजी राजांनी, दरबारी कवी म्हणून.

शास्त्री १८६४ साली वारले. त्यांची गीतं तमिळ चर्चमध्ये आजही गातात आणि त्यांच्या घराण्यात ख्रिस्ती कथाकालक्षेपाची, म्हणजे गाण्यातून आणि निरूपणातून कथा सांगण्याची, परंपरा पुढे चालत राहिली. इकडे महाराष्ट्रातही, अहमदनगरला, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्तकथेसाठी कीर्तन उभं केलं: पूर्वरंग, उत्तररंग, टाळ-मृदंग, सगळं तसंच. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी मग ख्रिस्ताला तुकोबांच्या अभंगांच्या वाटेने मराठीत आणलं.