सत्यान्वेषीचा संसार

गुप्तहेराने लग्न करावं की नाही, हा वाद गुप्तहेरकथेइतकाच जुना आहे. १८९१ साली ‘स्ट्रँड’ मासिकात शेरलॉक होम्सच्या आयुष्यात आयरिन अ‍ॅडलर येऊन गेली, तीही एका कथेपुरती. वाचक तिला अजून विसरलेले नाहीत. पुढे विल्यम जिलेट हा अमेरिकन नट होम्सवर नाटक करत होता. नाटकात होम्सचं लग्न लावलं तर चालेल का, असं त्याने कॉनन डॉयलला विचारलं. डॉयलचं उत्तर तारेने आलं: लग्न लावा, खून करा, काय हवं ते करा. डॉयलला आपल्या नायकाचा कंटाळा आला होता. शरदिंदू बंद्योपाध्याय या बंगाली लेखकाने मात्र हा निर्णय दुसऱ्या कुणावर सोपवला नाही. आपल्या ब्योमकेश बक्शीला बायको त्यांनीच पाहिली, आणि तीही एका खुनाच्या घरात.

माझ्या पिढीला ब्योमकेश भेटला तो १९९३ साली दूरदर्शनवर. बासू चटर्जींनी ती मालिका केली. रजित कपूर ब्योमकेश झाला, के. के. रैना त्याचा मित्र आणि कथांचा निवेदक अजित झाले, आणि त्याची बायको सत्यवती झाली आपली सुकन्या कुलकर्णी. पुण्यात मी तेव्हा विम्याच्या कचेरीत नोकरीला होते. मालिकेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी डबे उघडले की आम्हा बायकांची चर्चा खून कोणी केला यावर फार वेळ टिकायची नाही. गुन्हेगार तर आदल्या रात्रीच सापडलेला असे. बोलणं वळायचं ते ब्योमकेशच्या स्वभावावर. त्याला ‘डिटेक्टिव्ह’ म्हटलेलं का खपत नाही? दारावर ‘सत्यान्वेषी’ अशी पाटी लावणारा माणूस घरात कसा वागत असेल? वर्तमानपत्र हातात घेतलं की बातम्या सोडून तो आधी जाहिराती वाचतो, कारण खऱ्या बातम्या तिथेच असतात असं त्याचं मत. अशा नवऱ्याबरोबर सकाळचा चहा घेणं सोपं असेल का? आणि सगळ्यात तावातावाने बोललं जाई ते एका प्रश्नावर: ही जोडी शोभते का?

माझी आत्या तेव्हा आमच्याकडेच राहायची. तिचं मत ठाम होतं. “अगं, तो तिला घरात ठेवून त्या मित्राबरोबर गावभर हिंडतो. लग्न कुणाशी केलंय त्याने?” मी तिला म्हणे, “आत्या, पण घरी आल्यावर सगळं बोलतो ना तो तिच्याशी!” त्यावर ती म्हणायची, “बोलतो. सांगत नाही. दोन्हींत फरक आहे.” तिचं हे वाक्य मला नंतर बंगाली कथांची भाषांतरं वाचताना पुष्कळदा आठवलं. आत्याने नेमक्या जागी बोट ठेवलं होतं.

पण ब्योमकेशचा संसार समजून घ्यायचा तर आधी त्याचं बिनलग्नाचं घर पाहायला हवं. पहिल्या महायुद्धानंतरच्या कोलकात्यात शिकायला आणि नोकरीला आलेल्या तरुणांची मोठी वस्ती ‘मेस’मध्ये असे. कॉलेज स्ट्रीट, अ‍ॅमहर्स्ट स्ट्रीट, सियालदह स्टेशनच्या आसपासचा भाग अशा मेसनी भरलेला होता. एका खोलीत दोन-तीन खाटा, स्वयंपाकाला एक बामण, वरकामाला एक नोकर, महिन्याच्या शेवटी हिशेब मांडून खर्चाची वाटणी. बायकामुलं गावी. शनिवारी दुपारी कचेरी सुटली की जवळच्या गावांचे लोक गाडी पकडून घरी जात, लांबचे तिथेच पत्ते कुटत बसत. गिरगावातल्या खोल्यांमध्ये राहणाऱ्या आपल्या कोकणी चाकरमान्यांचंच हे आयुष्य. फक्त गणपती-शिमग्याऐवजी दुर्गापूजेची वाट पाहायची.

शरदिंदू स्वतः विद्यार्थी असताना हॅरिसन रोडवरच्या मेसमध्ये राहिले होते. हा रस्ता हावड्याच्या पुलाकडून सियालदहकडे जातो. आज त्याला महात्मा गांधी रोड म्हणतात. ‘सत्यान्वेषी’ या कथेत अजित आणि ब्योमकेशची पहिली भेट होते तीही मेसमध्येच. ब्योमकेश तिथे खोटं नाव घेऊन उतरलेला असतो आणि खालच्या मजल्यावरचा होमिओपॅथीचा डॉक्टर सगळ्यांशी गोड बोलत असतो. प्रकरण मिटल्यावर ब्योमकेश अजितला आपल्या हॅरिसन रोडच्या बिऱ्हाडी राहायला बोलावतो. दोन अविवाहित पुरुष आणि चहा करणारा पुंटीराम, असं ते घर. त्या घरात बाई नाही, कारण त्या शहरातल्या तशा हजारो घरांत बाई नव्हती. होम्सच्या बेकर स्ट्रीटचा प्रभाव शरदिंदूंवर होताच, पण हॅरिसन रोडचं घर त्यांनी लंडनहून उचललं नाही. ते त्यांनी स्वतः भोगलेलं होतं.

या घरात सत्यवती येते ‘अर्थमनर्थम्’ कथेतून. मालिकेत त्या भागाचं नाव ‘वसीयत’ होतं. कराली बाबू नावाचा एक श्रीमंत, निपुत्रिक, तापट म्हातारा असतो. नात्यातली पोरकी मुलं त्याने घरात आणून वाढवलेली, आणि त्यांच्यापैकी कुणी मर्जीतून उतरलं की मृत्युपत्र बदलायचं हा त्याचा छंद. एका सकाळी तो अंथरुणात मेलेला सापडतो. मानेच्या मागे सुई टोचलेली. पोलिसांचा संशय सुकुमारवर जातो. सत्यवती त्याची बहीण. खरा खुनी कोण ते मी सांगत नाही. ज्यांनी वाचलं नाही त्यांचा आनंद मला घालवायचा नाही.

सत्यवतीचं वर्णन अजित करतो ते पाहण्यासारखं आहे. काळीसावळी, किडकिडीत मुलगी. १९३० च्या दशकातल्या बंगाली कथेत नायिकेचा असा प्रवेश सहसा होत नसे. शिवाय ती ज्या परिस्थितीत ब्योमकेशसमोर उभी राहते ती लाजण्यामुरडण्याची नव्हेच. भाऊ फासावर जायची वेळ आलेली, घरातला प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवणारा, आणि ही पोर एकटी भावाच्या बाजूने. ब्योमकेशला तिच्यात काय दिसलं याची आमच्या डब्याच्या वेळी फार चर्चा होई. कुणी म्हणे दया, कुणी म्हणे जिद्द. माझं मत आजही तेच आहे: सत्याच्या मागे लागलेल्या माणसाला सत्यासाठी भांडणारी मुलगी भेटली, आणि त्याने पुढे फार विचार केला नाही. सुकन्या कुलकर्णीने ही भूमिका केली तेव्हा तिने सत्यवतीला भाबडी होऊ दिलं नाही. तिच्या नजरेत एक न बोललेला हिशेब असे. म्हणूनच ती आम्हाला पटली.

यापुढचा इतिहास मला सगळ्यात जास्त आवडतो. १९३२ पासून चार-पाच वर्षांत दहा कथा लिहून शरदिंदूंनी ब्योमकेशला रजा दिली. कारण त्यांनी नंतर सांगितलं. लग्न झालं की बंगाली तरुणात काही राम उरत नाही, अशी त्यांची समजूत होती. मग संसारी ब्योमकेशकडून नवीन काय घडायचं? १९३८ मध्ये हिमांशू राय यांच्या बोलावण्यावरून ते मुंबईला बॉम्बे टॉकीजमध्ये आले. मालाडच्या त्या स्टुडिओसाठी त्यांनी चित्रपटकथा लिहिल्या. ब्योमकेश हॅरिसन रोडवरच राहिला, बायकोसह. पंधरा वर्षं त्याच्याबद्दल एक ओळ आली नाही.

त्याला परत आणलं वाचकांनी. शरदिंदू एकदा कोलकात्याला गेले असता लेखक परिमल गोस्वामी यांच्या घरातल्या मुलामुलींनी त्यांना विचारलं, की ब्योमकेशवर आता का लिहीत नाही? पोरं आपला नायक अजून वाचतात, हे त्यांना तेव्हा कळलं. लंडनमध्ये १८९३ साली होम्स मेला तेव्हा वाचकांनी रागाने पत्रं धाडली होती आणि ‘स्ट्रँड’ची वर्गणी बंद केली होती. इथे काही मुलांनी साधा प्रश्न विचारला, आणि तो पुरला.

१९५१ मध्ये ‘चित्रचोर’ आली. या कथेची सुरुवात मी कितीदा वाचली असेल! ब्योमकेश मोठ्या दुखण्यातून उठलाय. हवापालटासाठी तिघं संथाळ परगण्यातल्या एका गावी आलेत. सत्यवती पेल्यात डाळिंबाचा रस घेऊन त्याच्या खुर्चीशी येऊन उभी राहते. पंधरा वर्षांनी परतणाऱ्या गुप्तहेराचं पहिलं दर्शन हे असं! ना प्रेत, ना पिस्तूल. एक चिडचिडा आजारी नवरा, त्याला पथ्य पाळायला लावणारी बायको, आणि दोघांच्या कुरबुरी ऐकत बसलेला मित्र. लग्न झाल्यावर माणसात राम उरत नाही म्हणणाऱ्या लेखकाने स्वतःचंच म्हणणं त्या एका पेल्याने खोडून काढलं. ब्योमकेशची बुद्धी तीच होती, पण आता तिला एक घर होतं. तो रुसत होता, चिडवत होता, हरत होता. होम्सला हे कधीच मिळालं नाही.

त्यानंतर शरदिंदूंनी आणखी एकवीस कथा पूर्ण केल्या, आणि त्यातल्या बहुतेक पुण्यात बसून. १९५२ मध्ये चित्रपटाचं काम सोडून ते पुण्याला स्थायिक झाले. माझ्या शहरात हॅरिसन रोडचा संसार लिहिला जात होता, हे मला कळलं तेव्हा मी दिवसभर ज्याला त्याला सांगत सुटले. इथे राहून त्यांनी शिवाजी महाराजांच्या फौजेत दाखल होणाऱ्या सदाशिव नावाच्या मुलाच्या गोष्टी बंगाली मुलांसाठी लिहिल्या. आणि ‘शैलरहस्य’ या कथेत तर ब्योमकेशला थेट महाबळेश्वरला आणलं, ऐन थंडीत, हंगाम संपून रिकाम्या पडलेल्या पारशी मालकाच्या हॉटेलात. कथेचा मोठा भाग म्हणजे ब्योमकेशने अजितला लिहिलेली पत्रं. सत्यवती आणि अजित कोलकात्यात, हा एकटा धुक्यात.

इथेच आत्याचा आक्षेप पुन्हा उभा राहतो. पत्र अजितला का? या तिघांच्या घराबद्दल वाचक आजही भांडतात. अजितचं सत्यवतीशी नातं दीर-भावजयीचं, मोकळं, थट्टेचं. त्यात काही वावगं शोधणाऱ्यांना मला एवढंच सांगायचंय की त्यांनी मेसचं आयुष्य लक्षात घ्यावं. ज्या मित्राबरोबर तरुणपण एका छपराखाली गेलं त्याला लग्न झालं म्हणून बाहेर काढायचं, हे ब्योमकेशला सुचणारच नाही, आणि सत्यवतीने ते सुचू दिलं नाही. हा तिचा मोठेपणा. पुढे ब्योमकेश आणि अजित मिळून पुस्तकांचं प्रकाशन काढतात, कोलकात्यातल्याच केयातल्याला घर होतं, मुलगा वाढतो. शेवटच्या काही कथांत अजित निवेदकही राहत नाही. सत्यवती मात्र असते.

तिला वगळण्याचे प्रयोग झाले. सत्यजित राय यांनी १९६७ मध्ये ‘चिडियाखाना’ काढला. उत्तम कुमार त्यात ब्योमकेश होता, आणि सत्यवती नव्हतीच. राय यांचा स्वतःचा गुप्तहेर फेलूदाही सडाफटिंग. चित्रपट म्हणून तो बघावा, पण त्यातला ब्योमकेश मला परका वाटतो. २०१५ च्या हिंदी चित्रपटात सुशांतसिंह राजपूतचा ब्योमकेश तरुण, गोंधळलेला होता, आणि सत्यवती नुकती भेटत होती. ते मला जास्त जवळचं वाटलं. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने जुनी मालिका पुन्हा दाखवली तेव्हा माझ्या भाचीने पहिल्यांदा पाहिली. तिचा पहिला प्रश्न होता, “मावशी, सत्यवतीला एकही केस का नाही?”

शरदिंदू १९७० मध्ये वारले तेव्हा ‘विशुपाल वध’ अर्धी राहिली होती. बत्तीस पूर्ण कथा आणि एक अपुरी, एवढा हा सगळा संसार. जोडी शोभते का, याचं माझं उत्तर आहे: शोभते, आणि भारतीय गुप्तहेरकथेत हिच्या तोडीची दुसरी मला दिसत नाही. पण ज्या मुलीने भावासाठी अख्ख्या घराशी एकटीने झुंज घेतली, तिला बत्तीस कथांत एकदाही स्वतःच्या बुद्धीने गुन्हा उकलू दिला नाही, हे शरदिंदूंचं चुकलं. यापुढे जो कोणी ब्योमकेश पडद्यावर आणेल त्याने तेवढं एक प्रकरण सत्यवतीला द्यावं. सुरुवात महाबळेश्वरपासून केली तरी चालेल.