पट्टा दंडावर येण्याआधी

डिसेंबर १८०९. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, डॅनव्हिल गावी, डॉ. इफ्रेम मॅकडॉवेल यांनी जेन टॉड क्रॉफर्ड यांचं पोट उघडून बिजांडकोशाची दहा किलोंची गाठ काढली. भुलीचं औषध अजून यायचं होतं. २५ मिनिटं त्या माउलीने सगळं जागेपणी सोसलं. पाचव्या दिवशी डॉक्टर येऊन पाहतात, तर ती स्वतःचं अंथरूण आवरत होती! पुढे ती ३२ वर्षं जगली.

त्या वेदनेत तिचा रक्तदाब कुठवर चढला असेल? मोजणार कशाने? डॉक्टरांपाशी होती ती नाडीवर ठेवायची बोटं. स्टीफन हेल्स यांनी घोडीच्या धमनीत नळी घालून रक्ताचा दाब मोजला होता, त्याचा वृत्तान्त १७३३मध्ये छापूनही आला होता. पण आजारी बाईवर हा प्रयोग कोण करणार?

कातडीला धक्का न लावता दाब मोजणारा सुटसुटीत पट्टा १८९६मध्ये इटलीतल्या तुरीन शहरात शिपिओने रिवा-रोच्ची यांनी तयार केला. दंडावरचा पट्टा फुगवायचा, मनगटाची नाडी थांबली की पाऱ्याचा आकडा वाचायचा. १९०१मध्ये हार्वी कुशिंग यांनी पाविया इथल्या रुग्णालयात तो पाहिला आणि बाल्टिमोरला नेला. ऑपरेशन चालू असताना दर थोड्या वेळाने दाब मोजून नोंदवा, असा त्यांचा आग्रह. हार्वर्डच्या वैद्यकांच्या समितीला मात्र सरावलेलं बोटच जास्त भरवशाचं वाटलं. हे वाचताना जीव हळहळतो, कारण चढलेला दाब पुष्कळदा कसलंही लक्षण दाखवत नाही. रिवा-रोच्चींच्या पट्ट्यावर वरचाच आकडा कळे. १९०५मध्ये रशियातल्या निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी पट्ट्याखाली स्टेथोस्कोप लावला आणि खालचा आकडाही कानांना सापडला.

आज गर्भपिशवीच्या ऑपरेशनानंतर बाईला बाहेर आणलं की पहिल्या तास-दोन तासांत बीपी चढलेलं दिसू शकतं. टाक्यांची कळ, भूल उतरतानाची हुडहुडी, मनातली धास्ती, सलाइन जास्त होणं, बीपीची रोजची गोळी चुकणं, अशी कारणं असतात. आणि एक अगदी साधं: तुंबलेली लघवी. मूत्राशय गर्भपिशवीला चिकटून असतं. ऑपरेशनानंतर कधी लघवी होत नाही, कधी कॅथेटरची नळी दुमडते, आणि त्या ताणाने दाब वर जातो. म्हणून जाणती सिस्टर आकडा पाहिला की आधी चादर सारून ती नळी पाहते, कुठे दुखतंय ते विचारते, अंगावर आणखी एक पांघरूण घालते, आणि थोड्या वेळाने पट्टा पुन्हा फुगवते.