झांबेझिया प्रांत

झांबेझिया हा आफ्रिकेतील मोझांबिक देशाचा एक प्रांत आहे. तो देशाच्या मध्यभागी, हिंदी महासागराच्या किनाऱ्यावर वसलेला असून केलिमाने हे त्याच्या राजधानीचे शहर आहे. प्रांताचे क्षेत्रफळ सुमारे १,०५,००० चौ. किमी, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश आहे. २०१७ च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्या ५१ लाखांहून अधिक होती. लोकसंख्येच्या दृष्टीने नाम्पुलानंतर याच प्रांताचा क्रमांक लागतो. बहुसंख्य लोक खेड्यांत राहतात व शेतीवर उपजीविका करतात.

भूगोल

प्रांताच्या उत्तरेस नाम्पुला व नियासा हे प्रांत, पश्चिमेस मलावी देश व तेते प्रांत, दक्षिणेस झांबेझी नदीपलीकडे सोफाला प्रांत आणि पूर्वेस मोझांबिकची सामुद्रधुनी आहे. झांबेझी नदीवरूनच प्रांताला नाव मिळाले. किनाऱ्याची पट्टी सखल व दलदलीची असून खाड्यांच्या मुखाशी खारफुटीची दाट वने आहेत. आत जावे तशी जमीन चढत जाते. वायव्येकडील गुरुए परिसरात ती डोंगराळ होते. तेथील नामुली शिखर (२,४१९ मी.) हे मोझांबिकमधील दुसऱ्या क्रमांकाचे उंच शिखर आहे. लोम्वे लोक नामुलीला आपल्या पूर्वजांचे उगमस्थान मानतात व पर्वतावर जाण्यापूर्वी स्थानिक प्रमुखांची अनुमती घेण्याची प्रथा पाळतात. लुगेला जिल्ह्यातील माबू पर्वतावरील सदाहरित अरण्याकडे शास्त्रज्ञांचे लक्ष २००५ मध्ये उपग्रहचित्रांमुळे गेले. आसपासच्या गावकऱ्यांना ते अर्थातच पूर्वीपासून ठाऊक होते.

लिकुंगो ही प्रांतातील महत्त्वाची नदी मोकुबा शहराजवळून वाहत समुद्रास मिळते, तर लिगोन्या नदी नाम्पुलाची सीमा आखते. पावसाळा साधारणतः नोव्हेंबर ते एप्रिल असतो. गुरुएच्या डोंगरात वर्षाला सुमारे २,००० मिमी पाऊस पडतो. झांबेझीच्या खोऱ्यात तो बराच कमी असतो. पूर व चक्रीवादळे यांचा फटका या प्रांताला वारंवार बसतो. जानेवारी २०१५ मध्ये लिकुंगोच्या महापुरात मोकुबाच्या पुलाचा भाग वाहून गेला आणि देशाचा उत्तर भाग रस्त्याने तुटला. ११ मार्च २०२३ रोजी ‘फ्रेडी’ चक्रीवादळ केलिमानेजवळ किनाऱ्यावर आदळले. त्याच वादळाचा मोझांबिकवरील हा दुसरा आघात होता. पहिला फेब्रुवारीत दक्षिणेकडे झाला होता.

इतिहास

जानेवारी १४९८ मध्ये वास्को द गामाची जहाजे केलिमानेच्या नदीत आली. येथील लोकांच्या बोलण्यावरून पूर्वेकडील व्यापारी प्रदेश जवळ आल्याची खूण पटली, म्हणून त्याने नदीस ‘शुभचिन्हांची नदी’ या अर्थाचे पोर्तुगीज नाव दिले. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या अधिकाराखाली चाले. झांबेझीच्या खोऱ्यात पोर्तुगीज राजसत्तेने ‘प्राझो’ नावाच्या विस्तीर्ण जमिनी तीन पिढ्यांच्या मुदतीने दिल्या. हा हक्क स्त्रियांकडून चालावा असा नियम होता. प्राझोधारकांत गोव्याहून आलेली कुटुंबेही होती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात केलिमाने हे ब्राझीलला गुलाम पाठविणारे मोठे बंदर होते. पुढे जमिनी मळेवाल्या कंपन्यांकडे गेल्या आणि सक्तीच्या मजुरीवर नारळ, ऊस व चहा यांचे मळे उभे राहिले. १९३८ पासून शेतकऱ्यांवर कापसाची सक्तीची लागवडही लादली गेली.

शेती

आजची शेती मुख्यतः लहान कुटुंबांची आहे. ‘माशांबा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या छोट्या शेतांत मका, कसावा, ज्वारी, रताळी, भुईमूग व घेवडा ही पिके घेतात. सखल भागात भात होतो. भाताच्या उत्पादनात हा प्रांत देशात आघाडीवर आहे. त्सेत्से माशीमुळे गुरांना रोग होतो, त्यामुळे बैल व नांगर यांचा वापर थोडा असून बहुतेक मशागत हातकुदळीने केली जाते.

नगदी पिकांत तुरीची कथा विशेष लक्षणीय आहे. मक्याच्या शेतातच तूर पेरतात. तिला वेगळे खत वा पाणी लागत नाही आणि जमिनीचा कस टिकतो. पीक ऑगस्ट-सप्टेंबरात निघते, म्हणजे भारतातील नवी तूर बाजारात येण्यापूर्वी. स्थानिक आहारात तिला फारसे स्थान नसल्याने बहुतेक माल भारतात येतो. २०१५ मध्ये भारतात तूरडाळीचा भाव किलोला २०० रुपयांच्या आसपास गेला. त्यानंतर जुलै २०१६ मध्ये दोन्ही देशांत करार होऊन मोझांबिकमधून तूर व इतर कडधान्ये घेण्याचे ठरले. पहिल्या वर्षी १ लाख टन आणि पाचव्या वर्षापर्यंत २ लाख टन असे हे प्रमाण होते. झांबेझियातील शेतकऱ्यांनी लागवड वाढविली. परंतु त्याच हंगामात भारतातही विक्रमी पीक आले, महाराष्ट्रातील खरेदी केंद्रांवर तुरीची पोती पडून राहिली, आणि ऑगस्ट २०१७ मध्ये भारत सरकारने तुरीच्या आयातीवर परिमाणात्मक मर्यादा घातली. करारातील हिस्सा कागदोपत्री कायम असला तरी गावोगावी फिरणाऱ्या खरेदीदारांनी भाव पाडले. ऐन काढणीच्या वेळी माल कवडीमोल झाला. एकाच निर्णयाने एका देशातील शेतकऱ्यास आधार मिळाला व दुसऱ्या देशातील शेतकरी नाडला गेला, याचे हे ठळक उदाहरण होय. मे २०२१ मध्ये भारताने तूर आयात पुन्हा खुली केली व वार्षिक २ लाख टनांचा करार पुढील ५ वर्षांसाठी वाढविण्यात आला.

किनाऱ्यावरील नारळाच्या बागा एके काळी जगातील मोठ्या बागांमध्ये गणल्या जात व खोबरे हे मुख्य निर्यात-उत्पन्न होते. १९९० च्या दशकापासून पसरलेल्या घातक पिवळ्या रोगाने लाखो झाडे शेंड्यापासून गळून नुसते खांब उरले. कुजलेल्या खोडांत वाढणाऱ्या गेंड्या भुंग्याने उरलेल्या झाडांचीही हानी केली. रोगट झाडे तोडून जाळण्याची मोहीम परदेशी अर्थसाहाय्याने राबविण्यात आली, पण पूर्वीचे वैभव परतले नाही. ज्या घरांचे तेल, छप्पर व रोख पैसा या सर्वांचा आधार नारळच होता, त्यांना ही झीज भरून काढता आलेली नाही.

गुरुए व मिलांजे येथील चहा स्वातंत्र्यानंतर (१९७५) सरकारी मालकीचा झाला. १९७७ ते १९९२ च्या यादवी युद्धात कारखाने जळाले व मळ्यांत रान माजले. युद्धानंतर खासगी कंपन्यांनी काही मळे पुन्हा सुरू केले. लुआबो येथील साखर कारखानाही याच युद्धात उद्ध्वस्त झाला. त्याचे अवशेष अद्याप नदीकाठी आहेत.

जमिनीचा प्रश्न

मोझांबिकमध्ये जमीन राज्याच्या मालकीची आहे. १९९७ च्या कायद्याने वहिवाटदार शेतकऱ्यांचा वापराचा हक्क लेखी कागदाविनाही मान्य केला आहे. तथापि जपान व ब्राझील यांच्या साहाय्याने २००९ मध्ये ठरलेली ‘प्रोसाव्हाना’ योजना झांबेझियाच्या उत्तर भागासही लागू होणार असल्याने, मोठ्या सोयाबीन शेतीसाठी जमिनी जातील अशी भीती निर्माण झाली. शेतकरी संघटनांनी सातत्याने विरोध केला व २०२० मध्ये योजना गुंडाळण्यात आली. गुरुए भागात सोयाबीन मात्र लहान शेतकऱ्यांनीही स्वीकारले आहे.

इतर व्यवसाय व दळणवळण

किनाऱ्यालगत कोळंबीची मासेमारी चालते. केलिमानेजवळील कोळंबी-संवर्धन २०११ मध्ये पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने बंद पडले. आल्तो लिगोन्या भागात टँटलम व रत्ने सापडतात. मोकुबा येथे २०१९ पासून सुमारे ४० मेगावॉट क्षमतेचा सौर विद्युत प्रकल्प चालू आहे.

केलिमाने-मोकुबा लोहमार्ग बंद असल्याने वाहतूक रस्त्यावरच अवलंबून आहे. १ ऑगस्ट २००९ रोजी कायाजवळ झांबेझीवरील २,३७६ मी. लांबीचा पूल खुला झाला. त्यापूर्वी वाहने तराफ्यावरून नदी ओलांडत व पुराच्या दिवसांत दोन्ही तीरांवर ट्रकांच्या रांगा लागत. केलिमाने शहरात प्रवासी ने-आण करण्याचे प्रमुख साधन भाड्याची सायकल आहे. प्रवासी मागील बैठकीवर बसतो आणि सायकलस्वार त्याला सपाट, वाळूमिश्रित रस्त्यांवरून इच्छित स्थळी नेतो.