कोरड्या हंगामातले खड्डे : यातेंगाच्या शेतकऱ्यांचा इतिहास

१/८
१९७२चा दुष्काळ महाराष्ट्रात आजही घरोघरी सांगितला जातो. त्याच सुमारास सहारा वाळवंटाच्या दक्षिणेस, पश्चिम आफ्रिकेच्या साहेल पट्ट्यातही पाऊस दगा देत होता. तिथले अल्पभूधारकही ज्वारी-बाजरीवरच जगणारे. बदललेल्या पावसाशी त्यांनी कसा मेळ घातला, हा आजच्या थ्रेडचा विषय.

२/८
स्थळ : यातेंगा, आजच्या बुर्किना फासोचा उत्तर भाग. १९६८पासून पाऊस घटत गेला. अनेक कुटुंबांनी गाव सोडले. उघड्या जमिनीवर कडक पापुद्रा धरला होता. त्यामुळे जो थोडा पाऊस पडे, तोही न मुरता वाहून जाई. म्हणजे संकट दुहेरी होते.

३/८
यावरचा उपाय परंपरेतच होता. ‘झाई’ म्हणजे नापीक जमिनीत खणलेले लहान खड्डे. १९८०च्या सुमारास याकूबा सावाडोगो या शेतकऱ्याने ते अधिक रुंद व खोल केले आणि त्यांत शेणखत घातले.

४/८
सर्वांत धाडसी बदल होता वेळेचा. रूढी पावसाची वाट पाहण्याची. सावाडोगो ऐन कोरड्या हंगामात खणू लागले. लोकांनी त्यांना वेडे ठरवले. परंतु खताच्या ओढीने आलेली वाळवी जमीन पोखरीत असे, आणि पाऊस आला की त्याच वाटांनी पाणी खोल मुरे.

५/८
१९७९मध्ये ऑक्सफॅमचा एक प्रकल्प तेथे झाडे लावण्यासाठी आला. शेतकऱ्यांना मात्र आधी धान्य हवे होते. अखेर प्रकल्पानेच दिशा बदलली : पाणी अडवणारे जुने दगडी बांध आता समपातळीत घातले जाऊ लागले. पातळी मोजण्याचे साधन? आपले गवंडी वापरतात तशी पाण्याची पारदर्शक नळी.

६/८
खतातून आलेल्या बियांची रोपे खड्ड्यांत उगवली. सावाडोगोंनी ती उपटली नाहीत. तेथे साठहून अधिक जातींच्या झाडाझुडपांचे वन उभे राहिले. त्यांनी भरवलेल्या बाजारांत शेतकरी बियाण्यांसोबत अनुभवांचीही देवाणघेवाण करीत.

७/८
हा इतिहास महत्त्वाचा का? १९४९मध्ये फ्रेंच वनशास्त्रज्ञ ओब्रेव्हिल यांनी ‘वाळवंटीकरण’ ही संज्ञा रूढ केली, तेव्हा खापर फुटले ते मुख्यतः झाडतोड, वणवे आणि शेतीवर. ज्याला दोषी मानले, त्याच शेतकऱ्याने पुढे पडीक जमीन लागवडीखाली आणली. अर्थात हे फुकट झाले नाही. एक हेक्टर खणायला शेकडो तासांचे श्रम लागतात.

८/८
सावाडोगोंना २०१८मध्ये ‘राइट लाइव्हलीहूड’ पुरस्कार मिळाला. डिसेंबर २०२३मध्ये ते निवर्तले. मात्र त्यांच्या हयातीतच वाहिगुया शहर वाढत त्या वनापर्यंत पोहोचले आणि वनाच्या काही भागावर घरे उभी राहिली. पावसाशी जुळवून घेण्याचे ज्ञान शेतकऱ्याकडे होते. जमिनीवरचा हक्क तितका पक्का नव्हता. हवामानबदलाचा इतिहास लिहिताना पर्जन्यमानाच्या नोंदींबरोबर जमिनीचे दप्तरही उघडावे लागते, ते यासाठीच.